माश्यांना दिलेली खबर

३ मे १८१२, न्यूअर्क

आले एकदाची सासरी! घर गावाच्या टोकाला आहे. समोर नायगारा नदी; हा काठ इंग्रजांचा आणि पलीकडच्या काठावर माझं माहेर, अमेरिका. गिडियन चिडवतो, रुसून जायचं तर होडी कशाला हवी, सरळ पोहत जा. सासूबाईंनी मला स्वयंपाकघराच्याही आधी मागच्या बागेत नेलं. तिथे मधमाश्यांच्या पेंढ्याच्या टोपल्या मांडल्या आहेत. दाराच्या किल्लीनं टोपल्यांवर टकटक करून त्या म्हणाल्या, बायांनो, घरात सून आली हो, केझाया तिचं नाव. मग लग्नाच्या केकचा तुकडा तिथे ठेवला. जन्म, लग्न, मरण, सगळं माश्यांना सांगायचंच; नाहीतर त्या रुसतात आणि घराची रया जाते म्हणे. मला हसू आवरेना. गिडियननं कोपरानं ढोसलं, तर त्यालाच जास्त हसू आलं.

२ जुलै

अमेरिकेनं इंग्रजांशी युद्ध पुकारलं. गिडियनला इंग्रजांकडून गावच्या फौजेत बोलावणं आलंय आणि पलीकडे माझा भाऊ अमेरिकेच्या फौजेत. दोघं माझ्या लग्नात एकाच पिंपातली सफरचंदाची सायडर प्यायले होते. काय म्हणावं या माणसांना! गिडियन म्हणतो, कापणीच्या आत आटपेल. तो सुखरूप परत यावा, एवढंच मागणं आहे.

१४ ऑक्टोबर

काल क्वीन्स्टनच्या टेकडीवर लढाई झाली. अमेरिकन नदी उतरून आले आणि हरले. आमची जीत झाली म्हणे. आज शेजारचा मोझेस टोपी हातात घेऊन दारात उभा राहिला. गिडियनला गोळी लागून तो कड्यावरून पडला, मी डोळ्यांनी पाहिलं, असं म्हणाला. सासूबाई तापानं अंथरुणात. तिथूनच त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली आणि दिवस मावळायच्या आत सांग म्हणाल्या. मी टोपल्यांना काळी फडकी बांधली, किल्ली वाजवली आणि सांगितलं, तुमचा धनी गेला, गिडियन मेला. आतली गुणगुण एकदम थांबली. मी तिथेच चिखलात बसून रडले.

२० ऑक्टोबर

गिडियन आला! जिवंत! गोळी खांद्याला चाटून गेली होती आणि तो झुडपात बेशुद्ध पडला होता. त्या मोझेसची जीभ झडो! सासूबाईंनी पोराला उराशी धरलं. मग मला विचारलं, माश्यांना सांगितलंस? मी हो म्हणाले. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

८ नोव्हेंबर

चुलीला खेटून बसला तरी गिडियनचे हात बर्फासारखे. कुत्रा त्याला हुंगतही नाही. आज मोझेस आला आणि गिडियनच्या समोरच माझं सांत्वन करून गेला. गिडियन हसला, म्हणाला, मस्करी करतोय लेकाचा. मग हसायचा थांबला.

मी बागेत जाऊन फडकी सोडली. चुकले, तो जिवंत आहे, असं पुन्हा पुन्हा सांगितलं. सासूबाई म्हणतात, माश्या ऐकलेलं परत देत नाहीत.

१२ जून १८१३

अमेरिकनांनी एप्रिलमध्ये इंग्रजांचं यॉर्क शहर घेतलं, मे संपता संपता आमच्या गावचा किल्ला. आता गावात अमेरिकनांचं राज्य. त्यांचा एक अधिकारी आमच्याकडे उतरलाय. भला माणूस आहे. काल जेवायला आला आणि गिडियनच्या खुर्चीत बसला.

गिडियन त्या खुर्चीत बसलेला होता.

सप्टेंबर

आज सासूबाईंनी त्याच्याकडे बघत मला विचारलं, गिडियन कुठाय? तो आई, आई म्हणत राहिला. आता त्याला बघणारी मी एकटी. रडून म्हणाला, केझाया, तू माझ्यावरून नजर हटवू नकोस. मी झोपतच नाही — डोळा लागला आणि उठल्यावर तो दिसला नाही तर —

डिसेंबर, ९

खिडकीतून पाहिलं. सासूबाई बर्फात, टोपल्यांपाशी. हातात किल्ली. काळी फडकी पुन्हा बांधलेली. माझं नाव घेतलं. मेली म्हणाल्या.

धावत जाऊन जाब विचारला. नाकारलं नाही. तू माझं लेकरू जिवंतपणी पुरलंस, म्हणाल्या. एकाच्या बदल्यात एक. मग मला मिठी मारून रडल्या —

१०

अमेरिकन किल्ला सोडून चाललेत. जाताना गाव जाळणार. शेजारची घरं पेटलीत —

शिपायांनी सासूबाईंना खुर्चीसकट उचललं. त्या गिडियनला हाका मारत होत्या. मग मला. मी समोरच उभी, त्यांच्या शालीचं टोक धरून — त्यांची नजर माझ्यातून आरपार —

शिपाई म्हणाला, म्हातारीचं डोकं फिरलंय, आत कोणी नाही.

ओरडले. कोणी वळलं नाही. म्हणून लिहितेय, निदान हे तरी कोणी —

दार सताड उघडं आहे. पाय उंबऱ्याबाहेर पडत नाही —

जिन्यावर धूर. गिडियननं हात धरलाय. त्याचा हात — देवा, त्याचा हात उबदार लागतोय मला, म्हणजे मी आता —