विपुलची टेस्ट अधूनमधून का नापास होते

३ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी ९.१०
आजपासून नोंदी ठेवणार. कारण फक्त तांत्रिक.
आमचं सॉफ्टवेअर इथल्या केमिकल कारखान्यांसाठी. गॅस गळला की त्या वेळच्या पाळीच्या सुपरवायझरला फोनवर इशारा जातो. हे नीट चालतंय का ते बघायला रोज सकाळी चारशे बारा टेस्ट्स आपोआप चालतात. त्यातली एक अधूनमधून नापास होते. ती विपुलने लिहिलेली. विपुल इथल्याच पाम गावचा, सहा महिन्यांपूर्वी कामाला लागला. त्याला कायम करायचं की नाही, ते महिनाअखेर ठरेल. कारण शोधायचं काम मनीष सरांनी मला दिलं आहे. शुक्रवारपर्यंत सापडेल.

४ नोव्हेंबर
दहा वेळा चालवली. दहाही वेळा पास. विपुल म्हणाला, "तू समोर बसलीस की शान्यासारखी वागते ती." मी हसले नाही.

६ नोव्हेंबर
नापास. सकाळचे नऊ, आणि टेस्टमधला इशारा गेला तिसऱ्या, रात्रीच्या पाळीच्या माणसाला, म्हणजे घरी झोपलेल्याला. परत चालवली, पास. आमच्याकडे नियमच आहे: तीनदा चालवायची, एकदा पास झाली की हिरवी. विपुलला तो मान्य नाही. "माझा बाबा प्लॅन्टवर हाय. गॅस काय तीनदा सुटून बघनार नाय."
मी सांगितलं, भावनेने डिबगिंग होत नाही. वाक्य चांगलं जमलं.

७ नोव्हेंबर, शुक्रवार
सापडलं नाही. लाइट दोनदा गेली, त्यामुळे हा आठवडा धरता येणार नाही.

१० नोव्हेंबर
शक्यता तीन: नेटवर्क, डेटाबेस, विपुल. पहिल्या दोन तपासून वगळल्या. माझ्या टेस्ट्स यादीत घेतल्या नाहीत. चौदा महिन्यांत माझी एकही टेस्ट नापास झालेली नाही.

१३ नोव्हेंबर
विपुलने घरचे चिकू आणले. सगळ्यांना दोन-दोन, मला चार. नोंद फक्त आकड्याची.
जेवताना म्हणाला, रविवारी शिरगावला किल्ल्यावर येतेस का? मी विचारलं, टेस्टविषयी काही आहे का? "टेस्टचं काय काम किल्ल्यावर!" मी नाही म्हटलं. ज्याचं काम तपासायचं, त्याच्यापासून अंतर हवं.

१६ नोव्हेंबर, रविवार
स्कूटरचे ब्रेक नवे बसवले आहेत. तपासायला शिरगावपर्यंत गेले. किल्ल्यात कोणी नव्हतं. तासभर थांबले. ब्रेक ठीक आहेत.

१८ नोव्हेंबर
दोनदा नापास. विपुल खुर्ची ओढून शेजारी बसला. म्हणाला, टेस्ट्सचा क्रम रोज बदलतो, "तुझी ती तिसऱ्या पाळीची टेस्ट आधी आली की माझी पडते काय, येवढं बग ना." बघते म्हटलं.
बघायची गरज वाटली नाही. माझी टेस्ट मला माहीत आहे.

२१ नोव्हेंबर
रिपोर्ट दिला. "दोष विपुल यांच्या टेस्टमध्ये आहे. कामात अचूकपणा कमी." मनीष सर म्हणाले, "रूपल, तू लिहिलंस म्हणजे मी वेगळं बघायलाच नको." त्याला कायम करण्याबद्दल मी एक शब्दही लिहिलेला नाही. तो माझा विषय नव्हे.

२८ नोव्हेंबर. दुपारी ४.३०
विपुलला कायम केलं नाही. पत्र घेऊन तो माझ्या टेबलाशी आला. रिपोर्ट त्याने वाचला होता. चिडला असता तर मी मुद्देसूद उत्तर दिलं असतं. त्याने एवढंच विचारलं, "तो क्रम बगितलास ना तू?"
मी हो म्हटलं.
"मंग ठीक हाय. तू बगितलंस म्हंजे माझंच चुकलं असंल."
डबा धुतला, पिशवीत घातला आणि गेला.

१ डिसेंबर, सोमवार
त्याची टेस्ट बंद केली. चारशे अकरापैकी चारशे अकरा हिरव्या. सरांनी सगळ्यांना भजी मागवली. मला भूक नव्हती. सकाळचा नाश्ता जास्त झाला असावा.

३ डिसेंबर
फाइल बंद करण्यापूर्वी, निव्वळ पूर्णतेसाठी, क्रम तपासला. आधी माझी टेस्ट, मग त्याची. वीसपैकी वीस वेळा नापास.
तिसरी पाळी तपासायची म्हणून माझी टेस्ट सिस्टिमचं घड्याळ रात्री अकरावर नेते. परत आणत नाही. स्वतः पास होते आणि घड्याळ तसंच सोडून जाते, म्हणून त्याच्या टेस्टचा इशारा रात्रीच्या पाळीला जातो. एक ओळ राहिली होती. ती लिहिली. मग दोनशे वेळा चालवलं, दोनशे वेळा हिरवं.
सरांना सांगितलं. म्हणाले, "सुटला ना प्रश्न? मग आता जुना रिपोर्ट कशाला उकरायचा? त्याच्या जागी माणूस घेतलाय."

४ डिसेंबर
विपुलला मेसेज केला: "कारण सापडलं. घड्याळ परत येत नव्हतं." कोणाच्या टेस्टमध्ये, ते लिहिलं नाही. मेसेज थोडक्यात असावा.
दहा मिनिटांत उत्तर: "बरं झालं. सोमवारी अकराला इंटरव्यू हाय. आधीची नोकरी का गेली, इचारतील. माझं नेमकं काय चुकलं, ते नीट लिहून धाड ना. मला अजून समजलं नाय."
उत्तर नेमकं हवं. उद्या लिहीन.

६ डिसेंबर
"माझं" या शब्दापर्यंत आले. मग स्कूटर धुतली.

८ डिसेंबर, सोमवार. संध्याकाळी ६.०५
मसुदा पूर्ण झाला. सात ओळी, प्रत्येक ओळ तपासलेली. त्याचा इंटरव्ह्यू सकाळी अकराला होता.