सायीवर तयार झालेला हात

तीर्थरूप आईस,
तुझ्या धांदरट लेकीचा लांबूनच वाकून नमस्कार.

मी मजेत आहे, वेळेवर जेवते. खोलीत सकाळचं छान ऊन येतं.

कॅन्सर लवकर ओळखता यावा म्हणून इथे लॅबमध्ये आम्ही रक्तात त्याच्या खुणा शोधतो. रक्ताची नळी यंत्रात गरगर फिरवली की लाल भाग तळाशी बसतो आणि वर पिवळसर पाणी राहतं. खालचं न ढवळता ते पाणी काढून घ्यायचं, हे माझं काम. लॅबच्या बाई म्हणतात, "जपून गं. ज्याने दिलं, त्याच्याकडे परत मागता येईलच असं नाही."

काल त्यांनीच विचारलं, "हात इतका स्थिर कसा?" म्हटलं, आईने सायीवर तयार केलाय. खालचं दूध हललं की पाठीत धपाटा बसायचा. त्या धपाट्यांचे उपकार आता कळतात.

बाबा फोनवर नुसतं टाकीच्या गळतीचं बोलतात. तुझ्या गाठीचं विचारलं की त्यांची रेंज जाते. सुईला घाबरून तपासणी पुढे ढकलू नकोस, आई. तिथेही तुझी नळी कुणाच्या तरी लेकीच्या हातात जाईल, आणि तिलाही कुणीतरी धपाटे घालूनच साय काढायला शिकवलं असेल.

तुझीच,
धांदरट