म्हातारी, पोरगी आणि अप्पा

११ जानेवारी

आज अप्पांशी पुन्हा तेच. रिव्हॉल्व्हर की पिस्तूल! दहा वर्षं सासऱ्यांच्या हाताखाली बंदुका दुरुस्त करतेय आणि दहाही वर्षं हे भांडण जुंपलेलंच आहे. त्यांची रिव्हॉल्व्हर म्हणजे ‘म्हातारी’, माझं पिस्तूल म्हणजे ‘पोरगी’. म्हातारीची गोळी उडाली नाही तर पुन्हा चाप ओढायचा, पुढची गोळी हजर. वर्षभर खणात पडली तरी रुसत नाही. पोरगीचं मात्र मॅगझिन, म्हणजे गोळ्यांची डबी, चांगलं हवं, त्यातली स्प्रिंग ताठ हवी, तेल बेताचं हवं. नखरे!

मी म्हटलं, पोरगी अडली तर मॅगझिनच्या तळाला एक थाप, वरच्या सरकत्या स्लाइडला एक हिसका, दोन सेकंदांत सरळ. म्हातारी क्वचित अडते, पण अडली की दुकानातच आणावी लागते. अप्पा चष्मा पुसत म्हणाले, तेवढ्यासाठीच तर आपलं दुकान आहे.

१४ जानेवारी

सुरक्षा कंपनीचे साहेब आले होते. त्यांच्या चाळीस पहारेकऱ्यांच्या रिव्हॉल्व्हर अप्पा पंचवीस वर्षं सांभाळतायत. आता म्हणे वरून विचारणा आहे, पिस्तुलं का घेऊ नयेत? पुढच्या आठवड्यात शुक्रवारी मैदानावर चाचणी. दोन्हींच्या शंभर-शंभर गोळ्या, मध्ये धूळ, मध्ये पाणी. जी कमी अडेल ती ठेवायची. पिस्तुलाला एकच मॅगझिन, तेच पुन्हा पुन्हा भरायचं.

काम दुकानालाच राहणार, म्हणून नवरा खूश. त्याला कुठे कळतंय! अप्पांच्या मनगटात आता जोर नाही. पिस्तुलाची स्लाइड त्यांना ओढवत नाही, मी पाहिलंय. म्हातारी गेली तर अप्पा दुरुस्तीच्या टेबलावरून उठणार. आणि त्या टेबलाशिवाय हा माणूस सकाळी उठून करील काय?

१५ जानेवारी

अप्पा चाचणीची रिव्हॉल्व्हर खोलून बसले होते. एक पिन बदलली आणि तिच्यावर नेलपेंटचा लाल ठिपका दिला. स्वतः बसवलेल्या प्रत्येक नव्या भागावर हा ठिपका असतोच. उद्या काही बिघडलं तर कुणाला शिव्या द्यायच्या ते कळावं, असं त्यांचं म्हणणं. बाटली अर्थात सासूबाईंची. “माझी नखं कोरी आणि यांच्या बंदुका नटलेल्या!” हे त्या लग्नापासून ऐकवतायत. अप्पा दर वेळी नवी बाटली आणतात आणि दर वेळी तीच पळवतात.

२० जानेवारी

आज मी एक वाईट काम केलं. इथे लिहिते, दुसरीकडे कुठे सांगणार?

भंगाराच्या डब्यातून मॅगझिनची एक मेलेली स्प्रिंग काढली आणि चाचणीच्या मॅगझिनमध्ये बसवली. ती शेवटच्या गोळ्या वेळेवर वर ढकलणारच नाही. पोरगी चार-पाच वेळा अडेल, म्हातारी जिंकेल, अप्पा टेबलावर राहतील. कुणाच्या कमरेला हे पिस्तूल लागणार नाहीये, नुसती चाचणी आहे, असं स्वतःला दहादा सांगितलं. अप्पांनी मला पहिल्याच दिवशी बजावलं होतं, हत्याराशी खोटं वागायचं नाही, ते कुणाच्या तरी जिवावर उठतं.

पण अप्पांशिवायचं ते टेबल मला बघवणार नाही. बस्स.

२२ जानेवारी, सकाळ

मैदानावर निघायचंय. हत्यारांची पेटी भरायला घेतली तर अप्पांनी मला हाकललं. पेटी मी भरतो, तू निवांत चहा घे. आत सासूबाई नेलपेंटची बाटली शोधत घर डोक्यावर घेतायत.

२२ जानेवारी, संध्याकाळ

कुठून सुरू करू?

गोळ्या झाडायला कंपनीचा एक निवृत्त फौजी होता. पोरगीच्या शंभर गोळ्या. धूळ टाकली, पाणी ओतलं—एकदाही अडली नाही! प्रत्येक वेळी मॅगझिन संपत आलं की मी श्वास रोखायची. काही नाही. सरळ खटाखट. ती मेलेली स्प्रिंग कशी काय चालली, देव जाणे.

मग म्हातारी. भरायची-रिकामी करायची अप्पांनीच, असा त्यांचा हट्ट. साठ गोळ्या सुरेख गेल्या. मग रिकाम्या पुंगळ्या काढताना त्यांचं मनगट खाली गेलं. नळी जमिनीकडे! पुंगळ्या काढताना नळी आभाळाकडे, हा अप्पांनी मला शिकवलेला पहिला धडा. नळी खाली असली की दारूचे न जळलेले कण पुंगळ्या बाहेर ढकलणाऱ्या चांदणीसारख्या चकतीखाली, म्हणजे ताऱ्याखाली, जाऊन बसतात. मग गोळ्या भरल्या तरी गोळ्यांचं गोल सिलिंडर नीट बंद होत नाही, फिरत नाही.

तसंच झालं. फौजीने दोनदा दाबून पाहिलं. मी ब्रश घेऊन धावले, पण साहेबांनी वहीत लिहून टाकलं होतं. पहारेकऱ्याजवळ ब्रश कुठला असणार, म्हणाले. बरोबरच होतं त्यांचं.

परत आल्यावर दुकानाचं कुलूप उघडताना अप्पा एवढंच म्हणाले, “म्हातारी नाही अडली गं. तिला धरणारा अडला.”

मी मोरीत जाऊन रडले. एवढं पाप करूनही त्यांना वाचवता आलं नाही.

२५ जानेवारी

अप्पांनी टेबलाची किल्ली माझ्या हातात दिली. मी नको म्हटलं तर ओरडले. मग ताऱ्याखालचा तो बारीक ब्रशही दिला. दांड्याला त्यांच्या बोटांचे खळगे पडलेत. दुपारी गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसून माझ्या कामात खोड्या काढत होते. तेल जास्त झालं, स्क्रू आवळू नकोस, पोरगीचे फार लाड करतेस. सासूबाई म्हणाल्या, सुटले एकदाचे, आता घरी भाजी निवडा. घरी जातंय कोण! दिवेलागणीपर्यंत खुर्चीतच होते. मला इतकं बरं वाटलं की काय सांगू.

२७ जानेवारी

पिस्तुलांची पहिली खेप परवा येणार. ती मेलेली स्प्रिंग मॅगझिनमधून काढून टाकायला हवी. धीर होत नाही. उद्या.

२८ जानेवारी

मॅगझिन उघडलं. आत कोरी, ताठ स्प्रिंग. शेवटच्या वेढ्यावर लाल ठिपका.

त्या सकाळी पेटी कुणी भरली होती ते आठवलं. मग डोळे पुसून अप्पांना चहा नेऊन दिला. कप घेताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाले, “उघडलंस वाटतं?”