शिवेवरचं गाडगं

४ जानेवारी १९९७
पोचले एकदाची! बारामतीहून काटेवाडी मागे टाकून एस.टी. उसातून हेलकावत टेंभवाडीला आली, तेव्हा आधी पाठीचा कणा जागेवर आहे ना ते चाचपलं. इथल्या शाळेत इतिहास मी शिकवणार. लेक श्रेया बारामतीला माझ्या भावाकडे. दर शनिवारी तिला भेटायला जायचं, या एका अटीवर तिनं मला सोडलंय.

घरमालकीण दगडाबाईंनी सामान ठेवायच्या आधी शिवेवरच्या म्हसोबाकडे नेलं. तिथं दगडाआड एक गाडगं. बाहेरून आलेल्यानं अंगावरची वस्तू त्यात ठेवायची, शीव ओलांडताना उचलायची, परतल्यावर पुन्हा ठेवायची. "तुमची वस्तू हितं, तवर तुमी आमच्या," म्हणाल्या. मी केसांचा चाप ठेवला. गोड वाटली ही रीत.

१९ जानेवारी
सनावळ्या घोकून पोरं इतिहासाला विटलीत. म्हणून शोधाचा खेळ काढला. जुन्या वीरगळामागे, बारवेच्या पायरीत, चावडीच्या कोनाड्यात बिस्किटांचे डबे लपवले. प्रत्येकात त्या जागेची गोष्ट आणि पुढच्या डब्याची खूण. नियम एकच: एक वस्तू घ्यायची, आपली एक ठेवायची. शेवटी अर्थातच गाडगं!

शाळेचे शिपाई बिरूतात्या नको म्हणाले. ते सांगोल्याकडचे, महिनाअखेर निवृत्त होऊन लेकाकडे जाणार. त्यांची शिट्टी गाडग्यात आहे. मी हसण्यावारी नेलं. इतकं काय घाबरायचं?

२६ जानेवारी
झेंडावंदनानंतर पोरांनी गाव डोक्यावर घेतलं. गाडग्यात आता गोट्या, बटणं, पेपरमिंट. माझा चाप सहावीतल्या नकोशीनं पटकावला. तात्यांची शिट्टी दुपारभर वाजत होती, मग कालव्यात पडली. नवी आणून देईन.

३१ जानेवारी
तात्यांना हार घालून निरोप दिला. गाडी शिवेवर बंद पडली. तात्या उतरले, सुरू झाली. चढले, बंद. मग पायी निघाले. उसाच्या वळणाआड गेले आणि थोड्या वेळानं शाळेच्या मागून आले. हार तसाच गळ्यात. माझ्याकडे बघत राहिले.

१ फेब्रुवारी
माझंही तेच. गाडी बंद. उतरले, सुरू.
पायी गेले. समोर शाळेची मागची भिंत.
नकोशी आजोळी, इंदापूरला. चाप तिच्या डोक्यात. मामाचं लग्न उरकून नऊ तारखेला येणार. भावाला चिठ्ठी धाडली: बरं नाही, येत नाही. खरं काय लिहिणार?

५ फेब्रुवारी
कालव्यात पोरं बुड्या मारतायत. गाळ, नुसता गाळ. तात्या काठावर. मी माफी मागितली. ते म्हणाले, "माफीनं गाडी चालती का, बाई?"


८ फेब्रुवारी
भावाचा निरोप. आईला बरं नाही कळल्यावर श्रेया ऐकेना. उद्या कंडक्टरच्या भरवशावर बसवून देतोय.
नको — पोस्टातला फोन लागत नाही —
गाडगं फोडायला गेले. दगडाबाई आडव्या आल्या. फोडलं तर कुणाचीच सुटका न्हाय, म्हणाल्या.

९ फेब्रुवारी
नकोशी आली. चाप मिळाला! मुठीत घट्ट धरून शिवेकडे पळाले.
बारामतीच्या गाडीनं श्रेया आलेली. उतरून माझीच वाट बघत होती, म्हसोबापाशी. केस मोकळे. पोरांनी खेळ शिकवला म्हणाली. तिनं लाल रिबीन ठेवली, गोटी घेतली. नियम आहे ना, आई?
गाडग्यात पाहिलं. रिबीन नाही.
तात्या कालव्याच्या पुलावर. रिबीन मनगटाला. मी पाया पडले. तात्या म्हणाले, "माझी शिट्टी द्या, न्हाईतर—" आणि हात पाण्यावर धरून रिबीन सोडली.
गेली. वाहत गेली.

परतीची गाडी शिवेवर उभी. मी चढले तरी सुरू. श्रेया चढली की बंद. ड्रायव्हर हॉर्न देतोय, एकीनं तरी चला म्हणतोय —
चाप पुलावरून टाकला.
श्रेया विचारतेय, उद्या शाळा बुडणार का. नाही म्हटलं, बाळा, उद्या तुझं नाव इथल्याच शाळेत —