सुशीला इंग्रजीत अडखळत नाही

ता. ११ जुलै १९३४, बुधवार
पाचवीचं इंग्रजी शेवटी माझ्याच गळ्यात पडलं. मोठ्या बाई म्हणाल्या, "यंदा नुसतं लिहून-वाचून भागायचं नाही. इन्स्पेक्ट्रेस बाई मुलींना बोलायला लावणार आहेत." मी स्वतः तरी कुणाशी बोलले इंग्रजी? धारवाडला ट्रेनिंगला होते तेव्हा पाठाच्या तासाला, तेवढंच. आज 'धिस इज अ डोअर' घेतलं. तासाला मराठी, सुट्टीत कन्नड, त्यात हे तिसरं. पोरी टकामका बघत राहिल्या.

ता. १७ जुलै
मागच्या बाकावरची सुशीला. वडिलांचं दाजीबानपेठेत कापडाचं दुकान. पोरगी तोतरी. नाव विचारलं की 'सु, सु'वरच अडते, मान आखडते, डोळे घट्ट मिटते. कन्नडातही तेच. म्हणून तिला कुणी काही विचारतच नाही. मीही नाही.
आज चुकून तिच्याकडे बोट गेलं. "व्हॉट इज धिस?"
उठली आणि म्हणाली, "धिस इज अ विंडो. द विंडो इज ओपन."
सरळ, एका दमात. पुन्हा विचारलं. पुन्हा सरळ.
हे कसं काय...

ता. ३ ऑगस्ट
शाळा सुटल्यावर सु.ला थांबवून घेते. आता मनाची वाक्यं जुळवते. आई चकल्या करते, मला टांग्याच्या घोड्याची भीती वाटते, असं काय काय. व्याकरण चुकतं, अडत मात्र नाही. आज विचारलं, "मराठीत का गं अडतं?"
म्हणाली, "इन मराठी एव्हरीबडी वेट्स."
ती कधी अडते याचीच सगळे वाट बघतात, म्हणे.
मोठ्या बाईंच्या कानावर घातलं. खूश झाल्या. "मग तपासणीला स्वागत तीच करू दे!"

ता. २१ ऑगस्ट
तपासणी झाली. पालकही बोलावले होते. सु.नं स्वागत केलं, शाळेबद्दल, हवेबद्दल, घराबद्दल विचारलेलं सगळं सांगितलं. तिचे वडील भिंतीला टेकून ऐकत होते, तोंड उघडं. इन्स्पेक्ट्रेस बाईंनी तिला जवळ घेतलं आणि मराठीत म्हणाल्या, "शाब्बास! नाव काय गं तुझं?"
झालं.
मान आखडली. डोळे मिटले. मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. बाई आपल्या मायेनं, "सांग की बाळ, सांग." मी पुढे व्हायला हवं होतं. झाले नाही. शेवटी मोठ्या बाईंनी नाव सांगितलं.
शेरा : 'इंग्रजी संभाषण पाठ करून घेतलेले दिसते.' शेऱ्याचं काही नाही. पण सु. जिना उतरून गेली, तेव्हा वळूनसुद्धा बघितलं नाही.

ता. २७ ऑगस्ट
तेव्हापासून सु. शाळेत नाही. आज घरी गेले. वडील शांतपणे बोलले, तेच जास्त लागलं.
"बेळगावचं स्थळ होतं, बाई. चौदा पुरी झाली की करायचं ठरत आलेलं. मुलगी लाजाळू आहे, कमी बोलते, एवढंच आम्ही सांगितलं होतं. तुम्ही तिला सगळ्या गावासमोर उभी केलीत. कळलं त्यांना."
"पण इंग्रजीत ती किती छान..."
"सासूशी इंग्रजीत बोलू दे काय तिला?"
तिच्या आईनं चहा दिला. दाराआड सु.च्या बांगड्या तेवढ्या दिसत होत्या.

ता. २ सप्टेंबर
अण्णा, माझा थोरला भाऊ, म्हणाला, "शिकवलंस ना? संपलं तुझं काम. लोकांच्या घरात शिरू नकोस." खरं असेल. उद्या नवीन धडा घ्यायचाय. कुणासाठी घ्यायचा...

ता. ७ सप्टेंबर
दुकानातला गडी शाळेत आला. "अक्कोर, मालकर करदार." बाई, मालकांनी बोलावलंय. गेले. सु.चे वडील गादीवर एकटेच होते.
"बेळगावकर रविवारी बघायला येतात. खात्री करून घेणार म्हणे. तुम्ही तिच्याशेजारी बसा. नाव-गाव विचारलं की तुम्हीच सांगून टाका. ती मान हलवेल."
"आणि लग्नानंतर?"
"पुढचं पुढे बघू." मग म्हणाले, "बाई, त्या दिवशी मी तिचा आवाज पहिल्यांदा नीट ऐकला हो. एक शब्द कळला नाही."
बोलता बोलता डोळे भरले त्यांचे. शेजारी बसते, एवढं कबूल करून आले. बोलायचं मात्र...

ता. ९ सप्टेंबर, रविवार
सकाळी जाऊन आले. आईनं सु.ला इरकल नेसवलं होतं. इतकीशी दिसत होती त्यात. आई फुलं आणायला आत गेली तशी सु. माझा हात धरून म्हणाली, "टीचर, व्हेन दे आस्क, यू डू नॉट स्पीक. आय विल स्पीक."
"इन मराठी?"
"येस."
"आणि अडलं तर?" मीच मराठीवर आले. तिनं हात सोडला नाही.
वडील म्हणतात बोला, ही म्हणते बोलू नका. दुपार कलली. पाहुणे आले असतील. अण्णानं टांगा बोलावलाय, खालून हाका मारतोय. पदर सावरते आणि निघते. तिथं बसल्यावर माझ्या तोंडून काय निघेल, देव जाणे.