खिडकीतले दोन ब्रश

बाबा,

तुम्ही रापणीचं जाळं ओढताना बघायला किनाऱ्यावर गेलात आणि माझी एसटीची वेळ झाली, म्हणून लिहून ठेवते. भात टोपात आहे. शेवंतीकाकी संध्याकाळी कढी आणून देतील.

हिरवा, नवा ब्रश तुमचा. त्याचे केस मऊ आहेत. जोर लावू नका, हिरड्यांतून रक्त येतं. पेस्ट वाटाण्याएवढी पुरे. दात घासून झाले की ब्रश नीट धुवा आणि खिडकीतल्या ग्लासात उभा ठेवा. त्याला टोपी घालू नका, आपल्याकडच्या दमट हवेत बुरशी येते.

आता आईच्या ब्रशचं. तिचे हात कापायला लागल्यापासून तुम्ही रोज सकाळी तिच्या ब्रशला पेस्ट लावून ठेवत होतात. ती गेल्यावरही ठेवता. पहिल्या दिवशी मला ते बघवलं नाही, म्हणून मी तो गुपचूप धुतला. तुम्ही ओला ब्रश पाहिलात आणि आईनेच लवकर दात घासले असं समजून म्हणालात, “आज बेगीन घासल्यान गो तिना.” त्या दिवशी तुम्ही पोटभर जेवलात. मग मी रोजच धुवत राहिले.

उद्या मी इथे नसेन. पेस्ट लावाल ती तशीच राहील. वाळली की ती केसांत घट्ट बसते आणि ब्रश खराब होतो. तेव्हा दुपारपर्यंत आईची वाट बघा, बाबा. मग तो तुम्हीच धुवा.

वैजू