पुरवणीची दोन पानं

चि. युवराज,

वरकुट्याच्या शाळेत कविता म्हणताना तू बाकावर धरलेला ठेका अजून कानात घुमतो. आता तू माझ्या नातीचा, स्वप्नालीचा, फिजिक्सचा सर. तिच्या बारावीच्या उत्तरपत्रिकेची झेरॉक्स आम्ही मागवली. पुरवणीत दोन गणितं सोडवलीत, पण तिथं गुणच नाहीत. त्या गुणांवाचून तिचं इंजिनिअरिंग हुकेल. पुनर्मूल्यांकनाच्या अर्जाला विषयशिक्षक म्हणून तुझी सही लागते, अन् घरी येऊन झेरॉक्स चाळून तू म्हणालास, "आबा, तपासणी बरोबर हाय." चहा अर्धा टाकून उठलास. कुणाला वाचवतोस? की परीक्षक तूच होतास? उद्या मुदत संपते.

तुझा,
गेणू गुरुजी

ता. क. पाकीट चिकटवत होतो, तर हेल्मेट हातात घेऊन तूच दारात.
"आबा, पेन द्या. झेरॉक्सची शेवटची पानं त्या परीक्षकागत मीबी उलटलीच न्हवती."